साठवण-यंत्रणांची स्थानिक चाचणी : मूळ आणि प्रतिनिधी

माहिती जतन करण्याचे काम सॉफ्टवेअर बहुधा डेटाबेसवर अथवा दूरस्थ साठवण-यंत्रणेवर सोपविते. म्हणून त्याचे घटक सुटे सुटे तपासून भागत नाही. त्यांचा साठवण-यंत्रणेशी होणारा व्यवहारही तपासावा लागतो. या तपासणीस एकात्मीकरण-चाचणी म्हणतात. ती स्वतःच्या संगणकावर करावयाची झाल्यास मूळ यंत्रणेच्या जागी सोयीचा प्रतिनिधी योजण्याकडे कल असतो. त्या प्रतिनिधीची साक्ष कितपत ग्राह्य मानावी, हा येथे विचारणीय प्रश्न होय.

पोस्टग्रेसच्या जागी एसक्यूलाइट वापरल्याचे उदाहरण घेऊ. पूर्णांकाच्या रकान्यात अक्षरे घातल्यास पोस्टग्रेस ती नाकारते. एसक्यूलाइटचा साधा तक्ता ती निमूटपणे स्वीकारतो. अर्थात चाचणी यशस्वी ठरते आणि दोष मात्र कायम राहतो.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. २००६ साली सुरू झालेली ॲमेझॉनची एस-थ्री ही सेवा यादी मागितली असता एका वेळी जास्तीत जास्त १,००० नावे देते. पुढील नावे पुन्हा मागावी लागतात. स्मृतीत रचलेला प्रतिनिधी सर्व नावे एकदम देतो. समजा, यादीत न आढळणाऱ्या फायलींच्या नोंदी पुसणारी आज्ञावली पहिल्या यादीवरच थांबली, तर १,००१ वी फाइल जागेवर असूनही तिची नोंद नष्ट होईल. तीन फायलींवर घेतलेल्या चाचणीत हे कधीच उघड होणार नाही.

यावर उपाय दुहेरी आहे. जो डेटाबेस स्थानिक संगणकावर चालू शकतो, तो प्रत्यक्ष वापरातील आवृत्तीसहच कंटेनरमध्ये चालवावा. डॉकर २०१३ साली खुले झाल्यापासून हे सुकर झाले आहे. तथापि कंटेनर सुरू होणे आणि डेटाबेस प्रश्न स्वीकारू लागणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसरी घडेपर्यंत थांबणे अवश्य आहे. प्रत्येक चाचणीस रिकामा डेटाबेस मिळावा, म्हणजे एकीचा अवशेष दुसरीस बाधणार नाही.

एस-थ्रीसारखी सेवा घरी आणता येत नाही. तेथे प्रतिनिधी अपरिहार्य ठरतो. परंतु चाचण्यांचा एकच संच नित्य प्रतिनिधीवर आणि ठरावीक काळाने मूळ सेवेवर चालवावा. उत्तरे भिन्न आली, तर प्रतिनिधीत दुरुस्ती करावी. सारांश, प्रतिनिधीवरील यश मूळ यंत्रणेशी त्याचे जेवढे साम्य सिद्ध झाले असेल, तेवढेच प्रमाण मानावे.