आधी पॉवर सप्लाय, मग ग्राफिक्स कार्ड

खडवलीहून लोकल धरायची, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोड गाठायचा, तो बहुधा ग्राफिक्स कार्डाचा भाव डोक्यात घेऊनच. पण पहिला तगडा गेमिंग पीसी जुळवताना सुरुवात पॉवर सप्लायपासून करावी, असं मला ठामपणे वाटतं. आरटीएक्स ४०९० हे एकटं कार्ड ४५० वॅट खातं, क्षणभर त्याहूनही जास्त ओढतं. म्हणून एनव्हिडिया ८५० वॅटचा सप्लाय सुचवते. खोक्यावरचा ‘८० प्लस गोल्ड’ शिक्का वीज किती कमी वाया जाते एवढंच सांगतो, संरक्षणाचं काही नाही. त्यापेक्षा लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते पाहा. ८५० वॅटच्या चांगल्या सप्लायवर हा आकडा ७० च्या आसपास असतो. पावसाळ्यात वीज ये-जा करते तिथे यूपीएसही हवा, आणि घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो.

सप्लायने फ्रेम वाढत नाहीत, असं कुणी म्हणेल. खरंय. पण एक पायरी खालचं कार्ड घेतलं तर एखादी सेटिंग उतरवून खेळता येतं. कमकुवत सप्लाय ऐन रंगात पीसीच बंद पाडतो. शिवाय दहा वर्षांच्या वॉरंटीचा सप्लाय पुढच्या कार्डालाही बहुधा पुरतो.