लकव्यावर करंटचा उपचार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जळगाव-धुळ्याकडे आपण ज्याला लकवा म्हणतो, त्या पक्षाघाताच्या रुग्णांचे नातेवाईक मला हल्ली हमखास विचारतात, ‘‘मॅडम, डोक्याला करंट दिला की हात उघडतो म्हणे. पेशंटला मुंबईला न्यावं का?’’

आधी एक घोळ मिटवू. फिजिओथेरपीत हाताच्या स्नायूंना देतात तो करंट वेगळा. मनोरुग्णांना देतात तो शॉकही वेगळा. त्याच्या तुलनेत हा प्रवाह शेकडो पटींनी कमी, १ ते २ मिलिअँपिअर. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर बांधून वीसेक मिनिटं तो सोडतात. थोडं चुणचुणतं. जर्मनीत गॉटिंगेनच्या नित्शे आणि पाउलुस यांनी २००० साली दाखवलं, की एवढ्याशा विजेनं मेंदूच्या पेशी काही काळ अधिक तत्पर होतात.

पक्षाघातात मेंदूचा मेलेला भाग परत जिवंत होत नाही. शेजारच्या पेशी त्याचं काम शिकतात. शिकणं म्हणजे तीच हालचाल शेकडो वेळा करणं. पाऊस पडून वाफसा आला, तरी पेरणी आपल्यालाच करावी लागते ना? करंटनं फार तर वाफसा येतो.

आणि तोही येतोच असं नाही. अमेरिकेतल्या, २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्यायामाला या करंटची जोड देऊन जादा फायदा दिसला नाही. मानेतल्या व्हेगस नसेला करंट देण्याची पद्धत जास्त आशादायक आहे, पण त्यासाठी शस्त्रक्रिया करून छातीत यंत्र बसवावं लागतं. २०२१च्या चाचणीत १०८ रुग्णांनी सारखाच व्यायाम केला. करंट मिळालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा हात ठळकपणे सुधारला. मला मात्र दुसरा आकडा मोलाचा वाटतो: नुसत्या व्यायामावर असलेल्यांपैकीही सुमारे चौथाई सुधारले, आणि या सगळ्यांना लकवा होऊन नऊ महिने ते दहा वर्षं उलटली होती! ‘आता काही होणार नाही’ म्हणून खाट धरलेल्यांच्या घरच्यांनी हे ऐकावं.

घरी बॅटरी जोडून प्रयोग करू नका. फिट येणाऱ्यांनी तर मुळीच नाही. यंत्रासाठी कर्ज काढण्याआधी तीन महिने नेमानं व्यायाम करून घ्या. फिजिओथेरपिस्टला विचारून घरचीच कामं निवडा. भुईमुगाच्या शेंगा उचलून टोपलीत टाकणं, कपाशीच्या बोंडातून कापूस काढणं, कळण्याच्या भाकरीचं पीठ मळणं. हे सारं दुखऱ्या हातानं, आणि मदतीला धावणारा चांगला हात तेवढा वेळ मांडीवर ठेवून.