डीझेल एंजिन समायोजन, ओढकामासाठी

डीझेल एंजिनाच्या सिलिंडरात प्रत्येक आवर्तनात किती इंधन सोडावयाचे, ते कोणत्या क्षणी सोडावयाचे आणि त्याच्या ज्वलनासाठी किती हवा पुरवावयाची, हे ठरवून देण्याच्या क्रियेस एंजिन समायोजन म्हणतात. कारखान्यातून बाहेर पडताना प्रत्येक एंजिनाला असे एक समायोजन दिलेले असते. भरलेल्या पिकअपमागे (उघड्या हौद्याच्या हलक्या मालवाहू मोटारीमागे) ट्रेलर जोडावयाचा असेल किंवा बंद पडलेली गाडी घाटातून वर ओढून न्यावयाची असेल, तर हे समायोजन बदलावे काय व किती बदलावे, हा प्रश्न उपस्थित होतो. एंजिनाची शक्ती वाढविणे अवघड नाही. वाढलेल्या शक्तीबरोबर निर्माण होणारी उष्णता बाहेर कशी काढावयाची, ही खरी अडचण असते.

पेट्रोल एंजिनात हवा व इंधन या दोहोंचे प्रमाण एकत्र कमीजास्त केले जाते. डीझेल एंजिनात हवा जवळजवळ पूर्ण प्रमाणात आत येते आणि शक्तीचे नियंत्रण केवळ इंधनाच्या मात्रेने होते. डीझेलच्या संपूर्ण ज्वलनास वजनाने सु. १४.५ पट हवा लागते. तथापि इंधन फवाऱ्याच्या रूपाने शेवटच्या क्षणी आत येत असल्याने ते सर्व हवेत नीट मिसळण्यास पुरेसा अवधी मिळत नाही. त्यामुळे हवा १८ पटींच्या खाली गेली की निष्कासातून (जळालेल्या वायूंच्या उत्सर्गातून) काळा धूर दिसू लागतो. हीच धुराची मर्यादा. तिच्या पलीकडे घातलेल्या इंधनाचा बराच भाग काजळी व उष्णता या रूपांतच बाहेर पडतो. रस्त्यावर काळा धूर सोडीत जाणारी गाडी जोरात ओढत आहे, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण हा पट्टा या विषयाशी दोन्ही बाजूंनी निगडित आहे. टेल्को (आता टाटा मोटर्स) या कंपनीने १९८६ मध्ये ४०७ ही हलकी मालमोटार व १९८८ मध्ये टाटामोबाइल ही पिकअप बाजारात आणली. आकुर्डीच्या बजाज टेंपोने (आता फोर्स मोटर्स) डायम्लर-बेंझ यांच्या सु. २.४ लिटर धारणेच्या ओएम ६१६ या एंजिनाची परवान्याखाली निर्मिती केली. दुसरीकडे, ओतीव भाग, साचे, पत्रे व जोडणीचे सुटे भाग एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात नेण्याचे काम येथे मुख्यतः पिकअप व छोट्या मालमोटारीच करतात. सपाटीवरील या खेपांसाठी कारखान्याने दिलेले समायोजन पुरेसे होते. खरी परीक्षा होते ती न्हावा-शेवा बंदराकडून परतताना बोरघाटात. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत रस्ता सु. ५०० मी. वर चढतो. लोणावळ्याच्या, म्हणजे सु. ६२० मी. उंचीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सु. ७ टक्क्यांनी कमी असतो. ज्या एंजिनास टर्बोचार्जर नाही त्याला हवाही तितकीच कमी मिळते. खाली धूर न देणारा पंप वर धूर देतो, याचे कारण बहुधा हे असते.

यांत्रिक पंपांच्या काळात समायोजन ही पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिराची कला होती. मिको (आता बॉश) बनावटीचा अंतःक्षेपण पंप चाचणी-मंचावर चढवून प्रत्येक नळीतून ठराविक फेऱ्यांत किती घ. सेंमी. इंधन पडते हे काचनळ्यांत मोजत, चारही सिलिंडरांची मात्रा सारखी करीत आणि कमाल मात्रेच्या स्क्रूला मोहोर लावीत. गाडीमालकाने ‘पंप जरा वाढवून द्या’ म्हटले की हा स्क्रू पाव-अर्धा फेरा फिरविला जाई. त्याने ओढ वाढे हे खरे. पण हवा तेवढीच राही. काही महिन्यांनी दट्ट्याची कडी चिकटणे, नोझल जळणे, सिलिंडर शीर्षाखालील गॅस्केट उडणे असे दोष दिसू लागत आणि त्यांचे खापर इंधनातील भेसळीवर फुटे.

घाटात किती ओढ लागते, याचा हिशोब उदाहरणाने स्पष्ट होईल. मालासह २,९०० किग्रॅ. वजनाची पिकअप १,५०० किग्रॅ. वजनाची गाडी मागे घेऊन २० मीटरला १ मीटर या चढावर ताशी ३६ किमी. वेगाने जात आहे, असे मानू. चढावर मात करण्यास सु. २,१६० न्यूटन व चाकांच्या घर्षणास सु. ६५० न्यूटन, अशी एकूण सु. २,८०० न्यूटन प्रेरणा लागते. दर सेकंदास १० मी. या वेगाने ही शक्ती २८ किलोवॉट होते. दंतचक्रे व धुरा यांतील व्यय आणि हवेचा रोध धरता एंजिनाने सु. ३३ किलोवॉट (सु. ४५ अश्वशक्ती) दिली पाहिजे. अडीच लिटर धारणेच्या, ७५ अश्वशक्तीच्या व कमाल २०० न्यूटन-मीटर पीडन-परिबल (दंडास पीळ देण्याची क्षमता) असलेल्या एंजिनास हे साध्य आहे. मिनिटाला २,००० फेऱ्यांवर यासाठी सु. १५८ न्यूटन-मीटर पुरतात. मात्र चालकाने वरचा गिअर न सोडल्यास व फेरे १,४०० वर उतरल्यास तेवढ्याच शक्तीसाठी २२५ न्यूटन-मीटर लागतील. ते एंजिनापाशी नाहीत. गाडी दम टाकते ती येथे.

या ठिकाणी दोन मार्ग संभवतात. एक, गिअर खाली घेऊन फेरे वाढविणे. दुसरा, समायोजन बदलून १,४०० फेऱ्यांवरील परिबल वाढविणे. दुसऱ्यात गिअर बदलण्याचा त्रास वाचतो, परंतु प्रत्येक स्फोटाचा दाब वाढतो आणि तो दट्ट्या, संयोगदांडा व धारवे (बेअरिंगे) यांना सोसावा लागतो. शिवाय २,००० फेऱ्यांवर अडीच लिटरचे एंजिन, टर्बोचार्जर वगळता, मिनिटास २,५०० लिटर हवा घेते. १,४०० फेऱ्यांवर १,७५० लिटरच. पाण्याचा पंपही त्याच प्रमाणात मंदावतो. म्हणजे शक्ती तितकीच, पण उष्णता वाहून नेणारी हवा व पाणी दोन्ही कमी. एंजिनाची कार्यक्षमता ३५ टक्के धरल्यास ३३ किलोवॉट कामाबरोबर सु. ६० किलोवॉट उष्णता निष्कास व पाणी यांतून बाहेर काढावी लागते. घाट अर्धा तास चालला तर एंजिन अर्धा तास याच स्थितीत राहते. सपाट रस्त्यावर पुढील गाडी ओलांडताना काही सेकंद टिकणारी अधिक शक्ती आणि घाटात सतत लागणारी शक्ती या भिन्न गोष्टी आहेत.

इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाच्या एंजिनांत स्क्रूची जागा नियंत्रकाच्या स्मृतीतील कोष्टकांनी घेतली आहे. फेरे, पायपट्टीची स्थिती, हवेचा दाब व तापमान पाहून नियंत्रक इंधनाची मात्रा व अंतःक्षेपणाचा क्षण या कोष्टकांतून निवडतो. बाजारात मिळणारी समायोजक साधने (ट्यूनर) दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात कोष्टकेच नव्याने लिहिली जातात. दुसऱ्यात एक छोटी पेटी संवेदकाच्या तारेत बसवितात. ती इंधननळातील दाब प्रत्यक्षापेक्षा कमी असल्याचे नियंत्रकास भासविते व नियंत्रक तो वाढवितो. हा दुसरा प्रकार स्वस्त असला, तरी ओढकामास अयोग्य मानावा लागतो. कारण ज्या मापावर एंजिनाची संरक्षक व्यवस्था अवलंबून असते तेच माप खोटे झालेले असते.

अनेक साधनांत काटकसर, नेहमीचे, ओढ व वेग अशा पायऱ्या असतात. अमेरिकेतील मोठ्या डीझेल पिकअपसाठी त्या प्रथम रूढ झाल्या. ओढीची पायरी ही सर्वांत जोरकस पायरी नसते, हे अनेकांना अनपेक्षित वाटते. तीत मधल्या फेऱ्यांवर इंधन बेताने वाढवितात, टर्बोचार्जरचा दाब चढेपर्यंत मात्रा रोखून धरतात व अंतःक्षेपण फार आधी सरकवीत नाहीत. अंतःक्षेपण लवकर केल्यास निष्कास थंड राहतो, पण सिलिंडरातील दाब वाढतो. उशिरा केल्यास उलट घडते. ओढीची पायरी या दोहोंमधील तडजोड असते. वेगाची पायरी ठेवून ट्रेलर ओढल्यास काही मिनिटांतच निष्कासाचे तापमान धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. टर्बोचार्जरपूर्वी ते सु. ७००° से. च्या वर दीर्घकाळ राहू देऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे; ॲल्युमिनियमाचा दट्ट्या त्याहून कमी तापमानास वितळतो आणि तेल व पाणी यांनी थंड ठेवला जातो म्हणूनच टिकतो. पाण्याच्या तापमानाचा काटा ही वाढ फार उशिरा दाखवितो. त्यामुळे निष्कासात तापमापक नसल्यास मूळ समायोजनावरच गाडी ठेवणे व गिअर खाली घेणे श्रेयस्कर.

भारत टप्पा सहा ही मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यावर आणखी एक बाब पुढे आली. निष्कासातील काजळी अडविणारी गाळणी वेळोवेळी सु. ६००° से. तापमानास तापवून साफ केली जाते. वाढविलेल्या इंधनाने काजळी वाढते, गाळणी लवकर भरते आणि तिच्या सफाईची उष्णता नेमकी चढावरच्या उष्णतेत भर घालू शकते.

समायोजनाने गतिरोधक, क्लच, जोडकडी किंवा चौकट यांची क्षमता तिळमात्र वाढत नाही. वरील उदाहरणातील जोडी त्याच वेगाने घाट उतरताना सु. १५ किलोवॉट शक्ती सतत शोषून घ्यावी लागते. ती गतिरोधकांवर सोडल्यास त्यांचे अस्तर तापून पकड सुटते. चढताना वापरलेला गिअरच उतरताना ठेवण्याचा जुन्या चालकांचा नियम यासाठीच आहे. ओढावयाचे वजन उत्पादकाने दिलेल्या एकूण वजनाच्या मर्यादेत नसेल, तर कोणतीही पायरी योग्य ठरत नाही.

वाहनाचा नमुना केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार मान्य संस्थेकडून तपासला जातो. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) व भोसरीची मध्यवर्ती मार्ग परिवहन संस्था या अशा संस्थांपैकी होत. मान्यता विशिष्ट समायोजनासह मिळते, नुसत्या लोखंडी एंजिनाला नव्हे. कोष्टकांतील बदल निष्कासावर किती परिणाम करतो, हे २०१५ मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या ईए १८९ एंजिनांच्या प्रकरणात जगापुढे आले. चाकण येथे कारखाना असलेल्या या समूहाने त्या वर्षी डिसेंबरात भारतातील सु. ३ लाख २३ हजार गाड्या नियंत्रकातील आज्ञावली बदलण्यासाठी परत बोलाविण्याचे जाहीर केले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनात परवानगीविना बदल करण्यावर निर्बंध घातले असून २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मूळ कोष्टके पुन्हा भरता येतात. मात्र मधल्या काळात झिजलेले धारवे व भरलेली गाळणी त्याने पूर्ववत होत नाहीत.