दारू सोडवायची तर सगळ्या घराने आणि होडीने मिळून



१ जूनला मासेमारी बंदी लागते ती ३१ जुलैपर्यंत. मोजून ६१ दिवस. बंदीतून सुटलेल्या लहान होड्यासुद्धा दर्या खवळला की वर ओढून ठेवाव्या लागतात. मांद्रे, मोरजी, हरमल, केरी, सगळीकडे तेच. हाताला काम कमी, रोख पैसा आटलेला आणि दिवस मोठा. ज्या घरात कोणी पिणारा आहे त्या घराला हे दोन महिने कसे जातात ते वेगळे सांगायला नको. जाळ्याला ठेवलेले पैसे, मुलांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे, कर्जाचा हप्ता, सगळ्यातून पहिला वाटा बाटली घेऊन जाते.

पण उपचार सुरू करायला वर्षातले सगळ्यात चांगले दिवसही हेच. माणूस घरी असतो. डॉक्टरकडे चार वेळा जायला सवड असते. दारू बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात जो त्रास होतो तो भर दर्यात होण्यापेक्षा जमिनीवर, डॉक्टरच्या नजरेखाली झालेला बरा. म्हणून यंदा बंदी लागायच्या आधीच आम्ही हे लिहितोय. हे फक्त पिणाऱ्यासाठी नाही. त्याची बायको, आई, भाऊ, मुलगा, तांडेल आणि होडीवाला, सगळ्यांनी वाचावे.

पिणारा एक, सोसणारे सगळे

"त्याची त्यानेच सोडायला हवी, आपण काय करणार?" असे आपण म्हणतो. अर्धे खरे आहे. घोट न घेण्याचे काम त्याचेच. पण तो पितो ते चार माणसांत, पैसा येतो तो होडीवरून, आणि पिऊन आल्यावर त्याला सांभाळते ते घर. म्हणजे त्याच्या पिण्याला चारी बाजूंनी माणसे आहेत. सोडतानाही ती लागणारच. रापण कोणी एकटा ओढत नाही. दोन्ही दोरांवर माणसे लागतात.

व्यसनाच्या उपचारात आज जगभर हेच मानतात. नुसते पिणाऱ्याला बसवून समजावण्यापेक्षा त्याच्या घरच्यांना आणि जवळच्या माणसांना सोबत घेतले तर तो उपचाराला येण्याची आणि टिकण्याची शक्यता वाढते.

आपल्या गोव्यात झालेले काम

हे लांबच्या देशाचे शास्त्र नाही. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या 'संगाथ' संस्थेने डॉ. विक्रम पटेल, डॉ. अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने गोव्यातल्या १० सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक अभ्यास केला. त्रास होईल इतके पिणारे ३७७ पुरुष त्यात होते. अर्ध्यांना नेहमीचा उपचार. उरलेल्यांना त्यासोबत समुपदेशनाच्या जास्तीत जास्त चार बैठका. समुपदेशन करणारे डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. साधी, शिकवून तयार केलेली माणसे होती.

तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा मागच्या १४ दिवसांत एकही घोट न घेतलेले समुपदेशनाच्या गटात १०० मागे ४२ होते, दुसऱ्या गटात १८. हे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. सगळेच सुटले असे नाही, पण फरक मोठा आहे, आणि तो घडला बोलण्याने.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा अभ्यास मध्यम त्रासवाल्यांचा होता. ज्याला सकाळी उठल्यावर घोट घेतल्याशिवाय हात स्थिर होत नाहीत, त्याला बोलण्याच्या आधी डॉक्टर लागतो. त्याबद्दल खाली लिहिले आहे.

पुढे याच मंडळींनी घरच्यांसाठी वेगळे काम केले. इंग्लंडमध्ये तयार झालेली 'पाच पायऱ्यांची पद्धत' गोव्यातल्या घरांत वापरून पाहिली. यात उपचार पिणाऱ्यावर नाही, त्याच्यामुळे सोसणाऱ्या माणसावर आहे. नवरा डॉक्टरकडे यायला तयार नसला तरी बायको येऊ शकते, आई येऊ शकते.

त्या पाच पायऱ्या

१. आधी त्या घरच्या माणसाचे पूर्ण ऐकून घ्यायचे. मध्ये तोडायचे नाही, "तू असे करायला हवे होतेस" म्हणायचे नाही. आपल्याकडे कित्येक बायकांनी हे कधी कोणाला सांगितलेलेच नसते.

२. खरी माहिती द्यायची. दारू शरीरात काय करते, सोडताना काय होते, कुठला डॉक्टर, कुठली गोळी. अर्धी भीती माहिती नसल्याने असते.

३. आजपर्यंत त्या माणसाने काय काय करून पाहिले, त्याचा काय फायदा, काय तोटा झाला, हे सोबत बसून बघायचे.

४. आपल्यामागे कोण उभे राहील ते शोधायचे. बहीण, माहेर, शेजारीण, होडीवरचा एखादा समजूतदार माणूस.

५. आणखी काय मदत लागेल ते ठरवायचे. दवाखाना, पोलीस, पैशाचा सल्ला, मुलांसाठी कोणी.

तिसऱ्या पायरीवर जरा थांबूया. घरचे साधारण तीन तऱ्हेने वागतात. कोणी सोसून घेतो: उधारी फेडतो, "बरे नाही म्हणून आला नाही" असे तांडेलला सांगतो. कोणी सामना करतो: भांडतो, बाटली ओततो, किंवा शांतपणे "घरात दारू नको" सांगतो. कोणी बाजूला होऊन आपले आणि मुलांचे बघतो. यातली एकच तऱ्हा बरोबर असे नाही. पण सोसणे वर्षानुवर्षे चालले की पिणाऱ्याला पिण्याची किंमत कळतच नाही, ती दुसरेच कोणी मोजत राहते. हे म्हणजे बायकोचा दोष नव्हे. दारू तिने पाजलेली नाही. फक्त तिला दुसरी वाटही आहे, एवढेच सांगायचे आहे.

घरात काय उपयोगी पडते

अमेरिकेत न्यू मेक्सिकोत १९९९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात उपचाराला नाही म्हणणाऱ्या पिणाऱ्यांच्या १३० नातलगांना तीन वेगवेगळ्या तऱ्हेने शिकवले. सगळ्यांनी एकदम घेरून जाब विचारायची तऱ्हा वापरली तेव्हा १०० मागे ३० पिणारे उपचाराला आले. घरच्यांच्या आधारगटाच्या वाटेने १३ आले. अर्थात त्या गटांचा हेतू घरच्यांना सावरणे हाच असतो आणि ते काम तिथे होते. रोजचे वागणे थोडे थोडे बदलायला शिकवले तेव्हा ६४ आले. तिन्ही गटांत घरच्यांचा स्वतःचा त्रास कमी झाला.

हे रोजचे वागणे म्हणजे काय?

– तो न पिता असतो तेव्हा त्याच्यासोबत बसा, जेवा, बोला. "आज तू असा आहेस, बरे वाटते" हे तोंडाने सांगा.

– पिऊन आला की वाद घालू नका. त्यावेळी सांगितलेले डोक्यात राहत नाही. जेवण झाकून ठेवा, दुसऱ्या खोलीत जा.

– त्याने केलेले त्यालाच निस्तरू द्या. बारची उधारी त्याची. होडीवर गेला नाही तर तांडेलला निरोप त्याने द्यायचा.

– उपचाराचे बोलायला वेळ निवडा. पिऊन काही गोंधळ झाल्यावर दुसऱ्या दिवशी, तो शुद्धीत आणि वरमलेला असतो तेव्हा. मोठे भाषण नको. "उद्या डॉक्टरकडे जाऊया, मी येते सोबत" एवढे पुरे. आणि डॉक्टर आधी ठरवून ठेवा. तो "हो" म्हणाला आणि आपण शोधायला लागलो, तर तो "हो" संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

– स्वतःचे जगणे थांबवू नका. नुस्ते विकायला जा, बचत गटात जा, देवळात जा.

एक अट मात्र आहे. जिथे मारहाण होते तिथे आधी सुरक्षा. उधारी न फेडण्याने किंवा दार न उघडण्याने मार बसणार असेल तर ते एकटीने करू नका. आधी कोणाला तरी सांगून ठेवा. ११२ वर फोन करा. घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. "पिऊन होता म्हणून मारले" ही सबब नाही.

होडीवर काय करायचे

एका कागदावर त्या माणसाचे नाव मध्ये लिहा. भोवती त्याची रोजची माणसे लिहा. कोणासोबत पितो, कोणासोबत पीत नाही, कोणाचे ऐकतो. बहुतेकांच्या कागदावर पिणारी नावे जास्त निघतात. उपचार म्हणजे या कागदावर दुसऱ्या बाजूची दोन-तीन नावे वाढवणे. ब्रिटनमध्ये अशी माणसांची जुळणी करणारा उपचार ७४२ जणांच्या मोठ्या अभ्यासात तपासला. दुसऱ्या नावाजलेल्या समुपदेशनाइतकाच तो उपयोगी ठरला.

आपल्याकडे ही नावे होडीवरच मिळतात. म्हणून होडीवाल्यांना आणि तांडेलांना आमचे सांगणे:

– चांगली मासळी लागली म्हणून बाटली फोडू नका. पैसे द्या, किंवा जेवण घाला.

– वाट्यातला काही भाग घरी द्यायला त्याची स्वतःची संमती घ्या. तो शुद्धीत असताना, त्याच्या तोंडून. त्याच्या पाठीमागे केलेली व्यवस्था टिकत नाही आणि भांडण घरावर येते.

– सोडणाऱ्या माणसाला "एक घोट घे रे, काय होते?" म्हणणारा होडीवर कोणी असेल तर तांडेलनेच त्याला गप्प करावे.

– उपचाराला गेलेल्याची जागा राखून ठेवा. परत आल्यावर काम आहे हे ठाऊक असले तर माणूस टिकतो.

हे मात्र कधीच करू नका

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका दिवसात, डॉक्टरशिवाय तोडू नका. शेवटच्या घोटानंतर काही तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप जाते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास माणूस भ्रमात जातो, नसलेले दिसते, ताप चढतो. यात जीव जाऊ शकतो. डॉक्टर गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हा काळ सांभाळतात. होडीवर कोणाला असे झाले तर "उतरेल" म्हणून वाट बघू नका. किनारा गाठा, १०८ ला फोन करा. लांब दर्यात असाल तर तटरक्षक दलाचा १५५४.

दुसरे, "पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा" अशा पुड्या आणि गोळ्या आमटीत मिसळू नका. दारूची घृणा आणणारे डायसल्फिराम नावाचे औषध आहे. ते डॉक्टर तपासून, त्या माणसाला सगळे सांगून देतात. नकळत दिले आणि त्यावर तो प्याला तर रक्तदाब कोसळून हृदयावर बेतू शकते. पुडीत काय आहे हेच जिथे ठाऊक नाही तिथे धोका आणखी मोठा.

तिसरे, देवासमोर शपथ घातली म्हणजे झाले असे समजू नका. गाऱ्हाणे जरूर घाला, त्याने मन बांधले जाते. पण सोबत डॉक्टर ठेवा. शपथ मोडली की माणूस लाजेने तोंड लपवतो आणि आणखी पितो.

१ ऑगस्टनंतर

खरी परीक्षा बंदी उठल्यावर. पहिली मासळी, हातात रोख, मग नारळी पुनव, मग चवथ. आतापासून ठरवा: पहिल्या महिन्यात पैसे कोणाकडे राहतील, बाजारातून घरी येताना सोबत कोण असेल, चवथीला घरात बाटली येणार की नाही.

आणि पाय घसरला तर? घसरतो, बऱ्याच जणांचा. दोन महिने राहिला आणि एक दिवस प्याला, म्हणजे दोन महिने फुकट गेले असे नाही. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, काय झाले ते विचारा, पुढच्या वेळेची तयारी करा. टोमणे मारू नका.

कुठे जायचे

जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात सुरुवात करा. त्रास जास्त असेल तर बांबोळीची मनोचिकित्सा आणि मानवी वर्तन संस्था आहे. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस १४४१६. दोन्ही फुकट, आणि घरच्यांनीही फोन केला तर चालतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका पिणाऱ्यांसाठी, अल-अनॉनच्या घरच्यांसाठी, तिथे पैसे लागत नाहीत. पुण्याचे 'मुक्तांगण' १९८६ पासून चालू आहे. तिथेही बायकांसाठी 'सहचरी' गट आहे, कारण घर सावरल्याशिवाय माणूस टिकत नाही हे त्यांनीही पाहिले.

ज्यांना हे बोलायला कोणी नाही त्यांनी संस्थेच्या कार्यालयात येऊन बसावे. नाव बाहेर जाणार नाही. बायकांनी यावे, तसेच ज्या पोरांचे वडील पितात त्यांनीही यावे. जाळी दुरुस्त करायला आपण बंदीत बसतोच. यंदा त्यासोबत एवढेही करूया.