जुन्या पद्मिनीचं इंजिन माउंटिंग घरी कसं बदलायचं?

सिग्नलला गाडी उभी असताना स्टिअरिंग थरथरतंय, आरसा हलतोय, क्लच सोडताच बॉनेटखालून 'धप्प' असा आवाज येतोय. प्रीमियर पद्मिनी अजून जपून ठेवलेल्या मंडळींना ही लक्षणं ओळखीची असतील. आमच्या गाडीला हे झालं तेव्हा दोनदा कार्बोरेटर खोलून झाला. बिल भरलं, थरथर तशीच. दोष निघाला रबराच्या एका तुकड्यात.

इंजिन बॉडीला थेट बोल्टने आवळलं तर त्याचा प्रत्येक हादरा सीटपर्यंत येईल. म्हणून मध्ये माउंटिंग असतं. दोन लोखंडी पट्ट्या आणि त्यांना चिकटवलेलं जाड रबर, एवढंच. पद्मिनीत इंजिनच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक आणि मागे गिअरबॉक्सखाली आधार असतो. वयाने रबर कडक होतं, तडकतं. त्यात वरून इंजिन ऑइल झिरपत असेल तर ते फुगून लिबलिबीत होतं. गळती तशीच ठेवून नवं माउंटिंग बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

आधी खात्री करा. प्लग किंवा पॉइंट खराब असले तरी इंजिन थरथरतं, तेव्हा ट्युनिंग तपासून घ्या. मग इंजिन बंद ठेवून पहारीने ते हलकेच उचलून बघा. रबर पट्टीपासून सुटून फट दिसली, की समजा तेच.

आता काम. सपाट जागा, थंड इंजिन, हँडब्रेक, मागच्या चाकांना विटा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. माउंटिंग काढलं की त्या बाजूचं वजन जॅकवर येतं, म्हणून खरी काळजी इथे. जॅकची लोखंडी वाटी ऑइल चेंबरला थेट टेकवू नका. पत्रा आत चेपला आणि ऑइल पंपाच्या जाळीला लागला, तर इंजिनला ऑइल कमी पडेल. मध्ये रुंद लाकडी फळी ठेवा. नुसत्या जॅकवर तोललेल्या इंजिनखाली हात किंवा डोकं घालायचं नाही, 'एकच मिनिट' म्हणूनसुद्धा नाही.

बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. ते सैल करून मग जॅक हळूहळू वर घ्या. प्रत्येक वेळी पंखा रेडिएटरला टेकत नाही ना, सायलेन्सरचा पाइप आणि होज ताणले जात नाहीत ना, हे बघा. माउंटिंग निघण्यापुरती फट मिळाली की थांबा.

नवं घेताना जोडीच घ्या. एकच बदललं तर जुनी बाजू बसकी राहते आणि इंजिन तिरकं होतं. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं रबरही तडकतं, त्यामुळे नखाने दाबून बघा आणि दोन्हींची उंची मोजा.

एका वेळी एकच बाजू करा. बोल्ट आधी हातानेच फिरवा. पाना लावून घाईने आवळलेला तिरका बोल्ट आटे खातो. जॅक खाली घेऊन इंजिनचं वजन रबरवर आलं, की मगच पूर्ण आवळा. आधीच आवळलं तर रबर पिळलेल्या अवस्थेतच अडकतं आणि लवकर फाटतं.

बॅटरी जोडून गाडी सुरू करा. थरथर गेली तरी शंभरेक किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा एकदा तपासा. आमचा एक सैल निघाला होता.