कॅम्परची बॅटरी, रंगीत एलईडी आणि दिसत नाही ती गळती

कॅम्पर ट्रेलरमध्ये रंग बदलणाऱ्या एलईडी पट्ट्या लावायच्या बेतात आहात? आधी बॅटरीला मल्टिमीटर लावा. ‘१२ व्होल्ट’ हे नुसतं नाव. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरून निवांत असताना साधारण १२.७ दाखवते, चार्जिंग चालू असताना १४.४ च्या आसपास जाते. पट्ट्या चालवणारा आर्डुइनो उनो बोर्ड थेट बॅटरीला जोडलात, तर चार्जिंगच्या वेळी त्यावरचा रेग्युलेटर वरचे नऊ-साडेनऊ व्होल्ट उष्णता करून फेकतो आणि चटका बसेल इतका तापतो. म्हणून ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर घ्या.

आता हिशेब. डब्ल्यूएस२८१२बी पट्टीतला एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो. मीटरला ६० दिवे, पट्टी ५ मीटर, म्हणजे ५ व्होल्टला १८ अँपिअर, ९० वॅट! (ट्रेलर आहे, लग्नाचा मांडव नाही.) कोडमध्येच ब्राइटनेस पाव भागावर बांधून टाका.

खरी मेख पुढेच आहे. काळीठिक्कर दिसणारी पट्टीसुद्धा दर दिव्यामागे सुमारे १ मिलिअँपिअर खातच असते. ३०० दिव्यांचे दीड वॅट. ऐकायला किरकोळ, पण आठवडाभर ट्रेलर उभा राहिला की १२ व्होल्टच्या बॅटरीतून वीसेक अँपिअर-तास गायब. मी यात फसलोय. कंट्रोलरला डीप स्लीपमध्ये घालून भागत नाही. मॉस्फेट किंवा साध्या खटक्याने पट्टीचा पुरवठाच तोडा.

आणि फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळच हवा, वायरच्या जाडीला झेपेल एवढाच.