३० बाय ३० बाय ३ चे शेततळे. मग पाणी २७ लाख लिटर का मावत नाही?

सोनाळा (ता. संग्रामपूर) : शेततळ्याची आखणी झाली, चुना टाकला, जेसीबी बांधावर आला. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर गुणाकार केला की आकडा येतो २,७०० घनमीटर, म्हणजे २७ लाख लिटर. बहुतेक जण हाच आकडा धरून चालतात आणि फसतात.

लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची हे सूत्र चुकीचे नाही. ते पेटीचे सूत्र आहे. १ मीटर लांब, रुंद आणि उंच ठोकळा म्हणजे १ घनमीटर, त्यात बरोबर १,००० लिटर पाणी मावते. पाण्याची टाकी, धान्याची कोठी, ट्रॉलीचा हौदा यांना हे सूत्र चालते, कारण त्यांच्या भिंती सरळ उभ्या असतात. शेततळ्याच्या नसतात. काळ्या मातीत उभी भिंत पहिल्याच पावसात ढासळते, म्हणून बाजूंना उतार देतात.

हा उतार साधारण एकास एक असतो. ३ मीटर खाली जाताना प्रत्येक बाजू ३ मीटर आत येते. दोन्ही बाजूंचे मिळून ६ मीटर गेले, म्हणजे वर ३० बाय ३० असलेले तळे तळाशी २४ बाय २४ उरते. वरचे क्षेत्रफळ ९०० चौरस मीटर, तळाचे ५७६. बरोबर मध्यावर बाजू २७ मीटर, म्हणजे ७२९. आता वरचे अधिक तळाचे अधिक मधल्याची चौपट, भागिले ६, गुणिले खोली. उत्तर २,१९६ घनमीटर. एवढे लक्षात राहत नसेल तर वरच्या आणि तळाच्या क्षेत्रफळाची सरासरी काढून खोलीने गुणा. २,२१४ येते. फरक फक्त १८ घनमीटरचा, बांधावर उभे राहून करायच्या हिशेबाला पुरेसा.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतही ३० बाय ३० बाय ३ च्या तळ्यासाठी हाच २,१९६ चा आकडा धरला होता.

पेटीचा आणि खरा हिशेब यांत ५०४ घनमीटरचे अंतर पडते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. त्या हिशेबाने न खोदलेली १७८ ब्रास माती बिलात चढू शकते. त्यात आणखी एक गोम आहे. खोदलेली माती फुगते, साधारण पाव पटीने किंवा जास्तच. त्यामुळे खड्ड्याचे माप आणि ट्रॉल्या मोजून काढलेले माप कधीच जुळत नाही. माप कुठले धरायचे, हे यंत्र चालू होण्याआधी ठरलेले बरे.

छोटे तळे घेणाऱ्यांची गफलत वेगळीच. बाजू निम्मी केली, १५ बाय १५ बाय ३, तर पाणी पावपट असेल असे वाटते. उतार मात्र तेवढाच जागा खातो. तळाशी ९ बाय ९ उरते आणि साठा येतो ४४१ घनमीटर, मोठ्या तळ्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा.

हे पाणी पुरते किती? एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. पिकाला ५० मिलिमीटरची एक पाळी द्यायची तर सुमारे २०२ घनमीटर लागतात. भरलेले मोठे तळे कागदावर एका एकराच्या १० पाळ्या देते, छोटे दोन. बाष्पीभवन आणि झिरपा यातून वजा करावा लागतो. ९०० चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून पातळी ५ मिलिमीटर उतरली तरी ४,५०० लिटर गेले. संग्रामपूर तालुक्याचा पूर्णा नदीकडचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथे बोअरचे पाणी पिकाला चालत नसल्याने साठवलेल्या पावसाच्या प्रत्येक घनमीटरला भाव आहे.

जाता जाता बातम्यांतल्या ‘दलघमी’बद्दल. जवळच्या वान प्रकल्पाचा साठाही याच एककात छापला जातो. १ दलघमी म्हणजे १० लाख घनमीटर, अर्थात लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १०० मीटर असलेला पाण्याचा एकच ठोकळा. त्यातून ३० बाय ३० ची सुमारे ४५५ शेततळी भरतील.